विडी उंबऱ्याबाहेर

हॉटेलातला चहा आणि विडी यांची जोडी फार जुनी. २ नोव्हेंबर २००१ रोजी मुंबईच्या मुरली देवरांच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने शाळा, इस्पितळे, कचेऱ्या, आगगाड्या यांत धूम्रपानाला मनाई केली. हॉटेले तेवढी सुटली. ती सापडली २००३ च्या कायद्यात आणि मग २ ऑक्टोबर २००८ च्या नियमांत. दंड दोनशे रुपयांपर्यंत.

मग ओढणाऱ्याने काय केले? उठला आणि समोरच्या पानठेल्यावर जाऊन उभा राहिला. पण नागपूरच्या उन्हात उभ्याने कितीशी ओढणार? महाराष्ट्रात पंधरा वर्षांवरील लोकांत ओढणारे २००९-१० साली शेकडा ६.६ होते, २०१६-१७ साली ३.८ उरले. सगळे श्रेय बंदीला देऊ नये. किंमतही वाढली होती.

आता आपल्या खर्ऱ्याचे पाहा. सुपारी, तंबाखू, चुना घोटलेली ती पुडी! तिला धूर नाही. खाणारा हॉटेलात बसतो, कचेरीतही बसतो, आणि धुराचा कायदा त्याला काही विचारत नाही. नियम झाले होते शेजाऱ्याच्या श्वासासाठी. त्याच काळात बिनधुराची तंबाखू घेणारे २७.६ वरून २४.४ वरच आले. २०१२ साली राज्यात गुटखाबंदी झाली, तरी पुडी खिशातच राहिली. गुरुजींनी एकदा फाटकाबाहेर पाहावे: २००३ च्या कायद्याप्रमाणे शाळेपासून शंभर यार्डांत तंबाखू विकता येत नाही.