मळभ, बावटा आणि मन: पालघरच्या हवेचा छोटा इतिहास

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा लोकलमध्ये नेटवर्क जातं म्हणून ज्यांचा एपिसोड अर्ध्यात थांबतो, त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा मजकूर. बोलताना होतं तसंच ठेवलंय, फक्त थोडं नीट केलंय.

आजचा प्रश्न साधा आहे. हवा बदलली की आपलं मन खरंच बदलतं का? बदलत असेल तर कशामुळे? आणि आपल्या पालघर-बोईसर-तारापूर पट्ट्यात या प्रश्नाचा इतिहास काय?

सुरुवात भाषेपासून करू, कारण मराठीने हा प्रश्न कधीच सोडवून टाकलाय. मळभ आभाळावर येतं आणि मनावरही येतं. आभाळ भरून येतं, मनही भरून येतं. हवा कुंद होते, आणि आपणही दिवसभर कुंदच असतो. संध्याकाळच्या एका वेळेला तर आपण कातरवेळ असं नाव देऊन ठेवलंय. म्हणजे हवा आणि मन यांचं काहीतरी नातं आहे हे आजी-पणजीला माहीत होतं. पण "काहीतरी" म्हणजे नेमकं काय? तिथूनच गोष्ट सुरू होते.

हवापालट: एक जुनं प्रिस्क्रिप्शन

जुन्या काळी डॉक्टर औषधाबरोबर सांगायचे, "हवापालट करा." ही कल्पना खूप जुनी. ग्रीक वैद्य हिप्पोक्रेटिसच्या नावावर हवा, पाणी आणि जागा यांच्यावरचा एक अख्खा ग्रंथ आहे. आपल्याकडे चरकसंहितेत सहा ऋतूंप्रमाणे कसं राहावं, काय खावं याची ऋतुचर्या आहे.

इंग्रज आले तेव्हा त्यांना आपला उकाडा सोसवेना. उष्ण हवेत गोऱ्या माणसाचं शरीर आणि डोकं दोन्ही ढासळतं, अशी त्यांची ठाम समजूत होती. यातूनच थंड हवेच्या ठिकाणांचं वेड आलं. 1850 मध्ये माथेरान "शोधणारा" ह्यू मॅलेट हा ठाण्याचा कलेक्टर होता. आपला भाग तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होता, आणि 1 ऑगस्ट 2014 पर्यंत तिथेच राहिला. म्हणजे आपल्याच कलेक्टरसाहेबांनी उकाड्यावर डोंगराचा उपाय काढला. अर्थात साहेबांपुरता. भातशेतीत राबणाऱ्या माणसाला कुठला हवापालट?

पुढे मुंबई-सुरत रेल्वे झाली, आणि डहाणू, घोलवड, बोर्डी ही मुंबईकरांची हवापालटाची ठिकाणं बनली. 1901 मध्ये ठाण्यात मनोरुग्णालय उभं राहिलं. एका टोकाला चिकूच्या वाडीतली मोकळी हवा, दुसऱ्या टोकाला ठाण्याचं मनोरुग्णालय, आणि मध्ये? ज्याला फक्त हुरहूर लागते, झोप येत नाही, जीव घाबरा होतो, अशा साध्या माणसासाठी मध्ये फारसं काही नव्हतं.

उजेडाचं विज्ञान

आता थोडं अमेरिकेत जाऊ. नॉर्मन रोझेन्थाल नावाचा तरुण डॉक्टर दक्षिण आफ्रिकेच्या जोहान्सबर्गहून न्यूयॉर्कला आला. हिवाळ्यात त्याला जाणवलं की आपला उत्साह गळतो आणि वसंतात परत येतो. त्याच सुमारास हर्बर्ट कर्न नावाचा एक इंजिनिअर संशोधकांना भेटला. या माणसाने कित्येक वर्षं स्वतःच्या मूडच्या नोंदी ठेवल्या होत्या. इंजिनिअर कुठलाही असो, लॉग ठेवल्याशिवाय राहत नाही! त्या नोंदींत पॅटर्न स्पष्ट होता: दिवस लहान झाला की मन खाली.

1980 मध्ये आल्फ्रेड लेवी आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की डोळ्यांवर साधारण 2,500 लक्सचा प्रखर उजेड पडला की माणसाच्या शरीरातलं मेलाटोनिन दबतं. मेलाटोनिन म्हणजे शरीराला "रात्र झाली" सांगणारं संप्रेरक. घरातल्या दिव्याइतक्या, 500 लक्सच्या उजेडाने तसा परिणाम होत नव्हता. मग कर्नला प्रखर दिव्यापुढे बसवलं आणि त्याला बरं वाटू लागलं. 1984 मध्ये रोझेन्थाल आणि सहकाऱ्यांनी या ऋतूनुसार येणाऱ्या नैराश्याला शास्त्रीय नाव दिलं.

पण हे जसंच्या तसं बोईसरला लावता येत नाही. लंडनमध्ये डिसेंबरचा दिवस आठ तासांपेक्षाही छोटा असतो. आपला सगळ्यात छोटा दिवसही जवळजवळ अकरा तासांचा. आपला हिवाळा तर उलट वर्षातला सगळ्यात छान काळ!

आपल्याकडे उजेड कमी होतो तो जुलै-ऑगस्टमध्ये. वर्षाचा जवळजवळ सगळा पाऊस चार महिन्यांत पडतो. आठवडाभर सूर्य दिसत नाही, खिडक्या बंद, कपडे वाळत नाहीत, भिंतींना ओल. गंमत म्हणजे ढगाळ दिवशीही बाहेर बहुतेक वेळा हजारो लक्स उजेड असतो, आणि बंद खोलीत शे-दोनशे. म्हणजे आपल्याला उजेड कमी पडतो तो निम्मा ढगांमुळे आणि निम्मा आपण घरात बसून राहतो म्हणून.

इथे जुन्या लोकांचं कॅलेंडर बघा. सगळ्यात जास्त मळभ असतं त्याच काळात नागपंचमी, नारळी पौर्णिमा, दहीहंडी, पोळा, गणपती ओळीने येतात. कोणी मानसशास्त्र वाचून ही रचना केली असं मी म्हणत नाही. पण परिणाम बघा ना: ज्या दिवसांत माणूस कोपऱ्यात पडून राहील, नेमक्या त्याच दिवसांत चार माणसं त्याला घराबाहेर खेचतात.

सगळ्यांना सारखंच होतं का?

नाही. 2008 मध्ये जर्मनीत हजाराहून जास्त लोकांच्या रोजच्या मूडची तुलना हवामानाशी केली गेली. सरासरी परिणाम अगदी छोटा निघाला. मग 2011 मध्ये नेदरलँड्समधल्या अभ्यासात सरासरी बाजूला ठेवून एकेक माणूस पाहिला. जवळजवळ निम्म्या लोकांना हवेचा फारसा फरक पडत नव्हता. उरलेल्यांत कुणाला उन्हाळा मानवत होता, कुणाला तोच त्रास देत होता, आणि काहींना पाऊस आवडतच नव्हता. म्हणून "पाऊस म्हणजे चहा-भजी" म्हणणारा मित्र आणि पावसात गप्प होणारी मैत्रीण, दोघंही खरं सांगत असतात.

उकाडा मात्र बहुतेकांना गाठतो, आणि तो झोपेच्या वाटेने येतो. 2022 मध्ये 68 देशांतल्या लोकांच्या मनगटावरच्या बँडमधला डेटा तपासला गेला. रात्र गरम असली की लोक उशिरा झोपतात आणि कमी झोपतात, हे त्यात दिसलं. आपल्या किनाऱ्यावर मे महिन्यात हवेत इतकी आर्द्रता असते की घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर अंग थंड होत नाही. त्यात लाईट गेली तर विचारूच नका. एमआयडीसीत नाइट शिफ्ट करणाऱ्याला तर दुपारच्या उकाड्यात झोपावं लागतं. चार दिवस झोप नीट झाली नाही की चिडचिड आणि घालमेल वाढते, आणि आपण म्हणतो, "माझा स्वभावच बिघडलाय." स्वभाव नाही रे बाबा, झोप बिघडलीय.

तीन नंबरचा बावटा

आता मुख्य गोष्ट. पालघरच्या किनाऱ्यावर हवेचा आणि काळजीचा सगळ्यात जुना हिशोब कोळीवाड्यात आहे.

1864 मध्ये कलकत्त्याला भयंकर चक्रीवादळ आलं. त्यानंतर वादळाच्या इशाऱ्यांचा विचार गंभीरपणे सुरू झाला, आणि 1875 मध्ये भारतीय हवामान खातं स्थापन झालं. 1898 मध्ये देशातल्या सगळ्या बंदरांसाठी एकसारखी बावट्यांची पद्धत आली. दिवसा खुणेचे आकार, रात्री लाल-पांढरे दिवे, आणि एक ते अकरा असे क्रमांक. "तीन नंबरचा बावटा लागलाय" हे वाक्य किनाऱ्यावरच्या प्रत्येक घरात समजतं. होडी बाहेर गेलेली असेल तर त्या घरात त्या रात्री कोणी झोपत नाही.

सातपाटीचं उदाहरण घ्या. पापलेटसाठी हे गाव प्रसिद्ध, आणि 2023 मध्ये तेच पापलेट महाराष्ट्राचा राज्यमासा झालं. इथलं वर्ष हवेवर कापलेलं आहे. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ. बाहेरून पाहिलं तर हा सण. मनाच्या बाजूने पाहिलं तर ही एक स्पष्ट रेघ आहे: इथपर्यंत थांबायचं, इथून पुढे जायचं. भीती गेली नाही, पण तिला तारीख मिळाली.

तारीख मिळणं इतकं महत्त्वाचं का? 2016 मध्ये युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये एक प्रयोग झाला. कॉम्प्युटरवर दगड उलटायचे. खाली साप निघाला तर हाताला हलका शॉक. शॉक नक्की बसणार हे माहीत असताना लोकांना जेवढा ताण आला, त्यापेक्षा जास्त ताण आला तो पन्नास टक्के शक्यता असताना. म्हणजे वाईट बातमीपेक्षा "होईल की नाही" जास्त छळतं.

आता हे गेल्या काही वर्षांना लावून बघा. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी 2021 मध्ये दाखवलं, की 1982 नंतरच्या वीस वर्षांच्या तुलनेत 2001 ते 2019 या काळात अरबी समुद्रातली चक्रीवादळं 52 टक्क्यांनी वाढली, आणि अतितीव्र वादळं 150 टक्क्यांनी. नोव्हेंबर 2009 ला फयान. 2019 ला क्यार आणि लगेच महा. ज्या तारखांवर कोळीवाड्याचं मन टिकून होतं, त्या तारखाच सरकायला लागल्या.

जून 2020. लॉकडाउन चालू. हरिहरेश्वर ते दमणच्या मध्ये निसर्ग वादळ धडकेल असा अंदाज. आपण बरोबर त्या पट्ट्यात. हजारो लोकांना हलवलं, पालघरमधले रासायनिक कारखाने आणि अणुऊर्जा केंद्रासाठी खबरदारी घेतली. 3 जूनला वादळ अलिबागजवळ धडकलं. रायगड-रत्नागिरीचं अतोनात नुकसान झालं. आपल्याकडे त्या मानाने थोडक्यात निभावलं. लोक म्हणाले, "बघ, काही नाही झालं."

सॉफ्टवेअरमध्ये याला आम्ही अलर्ट फटीग म्हणतो. दहा वेळा अलार्म वाजून काही झालं नाही, की अकराव्या वेळी माणूस तो बंद करून झोपतो. खरं तर निसर्गचा अलर्ट चुकीचा नव्हता. वादळ आलंच, फक्त दाराच्या शेजारून गेलं.

एका वर्षाच्या आत तौक्ते आलं. 17 मे 2021 ला बॉम्बे हायजवळ पी-305 हा बार्ज बुडाला. त्यावर 261 माणसं होती; सत्तरच्या आसपास गेली. वादळाचा इशारा आधीच आलेला होता. गाल कन्स्ट्रक्टर नावाचा दुसरा बार्ज भरकटत आपल्या पालघरच्या किनाऱ्याजवळ येऊन रुतला. त्यावरच्या 137 जणांना कोस्ट गार्ड आणि नौदलाने सुखरूप काढलं.

असं वादळ संपलं तरी मनातून संपत नाही. 1999 च्या ओडिशाच्या महाचक्रीवादळानंतर साधारण वर्षभराने 108 किशोरवयीन मुलांची तपासणी झाली. चारपैकी एकापेक्षा जास्त मुलांत आघातानंतरच्या ताणाची लक्षणं होती. अशा मुलांना पुढे नुसता वारा सुटला तरी छातीत धडधड होते. बाहेरच्याला तो फक्त वारा असतो.

हवा, मजुरी, मन

एक बाजू राहिली. जव्हार-मोखाड्याकडची कितीतरी वारली, कातकरी कुटुंबं भात झाल्यावर वीटभट्टीवर जातात. डिसेंबरात अवकाळी पाऊस आला की कच्च्या विटांचा चिखल होतो. किनाऱ्यावर त्याच पावसात वाळत घातलेले बोंबील कुजतात. इथे मन खाली जाण्याचं कारण मेलाटोनिन नाही, बुडालेली मजुरी आहे.

2017 मध्ये टॅमा कार्लटन या संशोधिकेने भारताची अनेक दशकांची आकडेवारी तपासली. पिकाच्या हंगामात तापमान 20 अंशांच्या वर जाऊन आणखी वाढलं की आत्महत्या वाढतात. हंगाम नसताना तेवढ्याच उष्णतेने तसं होत नाही. म्हणजे नुसती उष्णता नाही. उष्णतेने पीक जातं, आणि पिकाबरोबर धीर. अशा वेळी "मेडिटेशन कर" हा सल्ला अपुरा आहे. नुकसानीचा पंचनामा वेळेवर होणं, भरपाई हातात पडणं, हेही मनाचंच औषध आहे.

मग आपण काय करायचं?

तीन गोष्टी. एक, पावसाळ्यात सकाळी अर्धा तास तरी बाहेर पडा, छत्री घेऊन का होईना. ढगाखालचा उजेडही खोलीपेक्षा खूप जास्त असतो. दोन, महिनाभर रोज एक ओळ लिहा: हवा कशी, झोप किती, मन कसं. तुम्ही हवेने हलणाऱ्या निम्म्यात आहात की नाही, ते कळेल. तीन, वादळाच्या दिवशी व्हॉट्सअॅपवरचे पन्नास फॉरवर्ड वाचू नका. हवामान खात्याचं बुलेटिन ठरावीक वेळी बघा, लागेल ती तयारी करा, आणि फोन खाली ठेवा. पण ते बुलेटिन मात्र दर वेळी गंभीरपणे घ्या, मागच्या वेळी काही झालं नसलं तरी.

आणि दोन आठवड्यांहून जास्त झोप, भूक, कामातलं मन सगळंच गेलं असेल, किंवा जगणं नको असं वाटत असेल, तर तो हवेचा दोष समजून थांबू नका. 14416 हा टेली-मानसचा सरकारी नंबर आहे, 2022 पासून सुरू, मोफत, दिवसरात्र, आणि मराठीत बोलता येतं. पूर्वी आपल्या भागातल्या माणसाला त्यासाठी ठाणे गाठावं लागायचं. आता निदान पहिली पायरी खिशातल्या फोनवर आहे.

तुमच्या घरात, गावात हवा आणि मनासाठी कुठला खास शब्द वापरतात? आगरी, कोळी, वाडवळी, वारली, कुठलाही चालेल. व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात ऐकवू. तोवर काळजी घ्या, आणि बावटा लागला असेल तर घरीच थांबा.