कागद उजेडात धरून पाहा

मंडळी, आपल्या जुन्नर-आंबेगावकडे बऱ्याच घरांत माळ्यावर एखादी पत्र्याची ट्रंक असते. आजोबांच्या पश्चात ती कोणी उघडत नाही. दसऱ्याच्या साफसफाईला ती खाली उतरली, की आत सापडतात खरेदीखते, पावत्या, मोडीतले चार-दोन ताव, आणि आजोबा मुंबईला नोकरीत असतील व त्यांना तो नाद असेल, तर पोस्टाच्या तिकिटांची एक वही. मग घरात दोन पक्ष पडतात. मुले म्हणतात, "ही लाखाला जाईल." बाई म्हणते, "कसर लागली आहे, चुलीत घाला." दोघांनाही मी एवढेच सांगेन, की जरा थांबा आणि आधी कागद उजेडात धरून पाहा.

आपण तिकीट पाहतो म्हणजे त्यावरचे चित्र पाहतो. राणीचे तोंड, राजाची दाढी, अशोकस्तंभाचे सिंह. पण तिकिटाला पाठही असते, आणि त्याचे वय पुष्कळदा पाठीकडूनच कळते. कागद तयार होताना लगदा ओला असतो. त्या वेळी जाळीवर तारेची एखादी आकृती बसवलेली असली, तर तेवढ्या जागी कागद पातळ राहतो. वाळल्यावर वरून काही दिसत नाही. उजेडासमोर धरले की आकृती उमटते. हाच वॉटरमार्क, किंवा जलचिन्ह. नोटेत आपण रोज पाहतो, तेच. खोटे तिकीट छापणाऱ्याला चित्राची नक्कल साधेल, पण तसा कागद कोठून आणणार? म्हणून १८४० साली इंग्लंडात जगातले पहिले चिकटवायचे तिकीट निघाले, त्याच्याही कागदात छोटा मुकुट होता.

आपल्याकडे १८५२ साली सिंध प्रांतात पहिली तिकिटे निघाली. ती दाबून उठवलेली होती, त्यांत जलचिन्ह नाही. साऱ्या हिंदुस्थानासाठी तिकिटे आली १८५४ साली, कलकत्त्यास छापलेली. त्यांना कडेचे दाते नाहीत, कात्रीने कापून द्यायची. त्यांच्या कागदात ईस्ट इंडिया कंपनीचे मानचिन्ह होते, पण एवढे मोठे की ते साऱ्या तावावर पसरलेले असे. एका तिकिटाच्या वाट्याला त्यातली एखादी रेघ येते, नाहीतर काहीच येत नाही.

पुढची तिकिटे लंडनहून छापून येऊ लागली, आणि येथून खरी गंमत आहे. अर्ध्या आण्याचे निळे तिकीट घ्या. १८५६ पासूनच्या तिकिटात जलचिन्ह नाही; १८६५ पासूनच्या तिकिटात हत्तीचे डोके आहे, सोंडेसकट. वरून पाहाल तर तीच राणी आणि तोच निळा रंग. दोहोंवर "ईस्ट इंडिया" असेच छापलेले आहे. कंपनीचे राज्य १८५८ मध्ये संपले, तरी तिकिटावरचे तिचे नाव निघायला १८८२ साल उजाडावे लागले! सरकारी काम म्हणतात ते हेच. १८८२ पासूनच्या नव्या मालिकेत मात्र "इंडिया" एवढेच आले, आणि कागदात हत्ती जाऊन तारा आला.

हा तारा पुष्कळ वर्षे टिकला, आणि त्याची पुढची हकिकत आपल्या जवळच्या जिल्ह्यातली आहे. १९२५ मध्ये नाशिकला सरकारी छापखाना उभा राहिला, आणि १९२६ पासून तिकिटे लंडनऐवजी तेथे छापली जाऊ लागली. पंचम जॉर्जचे एक आण्याचे चॉकलेटी तिकीट लंडनचेही आहे आणि नाशिकचेही. ओळखायचे कसे? उलटे करा. मध्यावर एकच मोठा तारा असेल तर ते लंडनचे. लहान लहान तारे सगळीकडे विखुरलेले असतील तर नाशिकचे. चित्र तेच, पण मधे छपाईचे काम समुद्र ओलांडून गोदावरीकाठी आले, हे तो कागद सांगतो.

आता सर्वांच्या वहीत सापडेल असे उदाहरण सांगतो. शिक्षकांनी ते वर्गात अवश्य करून दाखवावे. १ एप्रिल १९५७ पासून नये पैसे आले आणि भारताच्या नकाशाची तिकिटे निघाली. पाच नये पैशांची, नकाशाची, अशी दहा-वीस तिकिटे जमवा. सारी एकसारखी दिसतील. उलटी करा, की त्यांचे दोन ढीग होतील. पहिल्या छपाईच्या कागदात जुनेच तारे आहेत, इंग्रजी अमदानीतले. १९५८ पासूनच्या छपाईत अशोकस्तंभाचे सिंह आले. स्वातंत्र्य १९४७ ला मिळाले, पण ते कागदाच्या पोटात पोचायला दहा-अकरा वर्षे लागली.

पाहण्याची रीत अगदी साधी आहे. वापरलेले सुटे तिकीट काळ्या रंगाच्या गुळगुळीत बशीत पालथे ठेवा आणि खिडकीशी तिरप्या उजेडात पाहा. पुष्कळदा तेवढ्याने भागते. शहरातले संग्राहक वर बेंझिनचे दोन थेंब टाकतात. पण बेंझीन भडकते; चूल, दिवा, विडी जवळ असता कामा नये, आणि काही तिकिटांचा रंगही त्याने विरघळतो. मुलांच्या हाती तर ते देऊच नका. तिकीट चिमट्याने उचलावे, बोटाला घाम असतो.

क्वचित जलचिन्ह उलटे किंवा आडवे सापडते. छापताना ताव फिरवून घातला, एवढाच त्याचा अर्थ. लगेच पेढे वाटू नका. अशी बरीच आहेत. १८५४ च्या चार आण्यांच्या दोनरंगी तिकिटात मात्र छापणाराची चूक अशी घडली, की चौकट सुलटी आणि राणीचे डोके खाली. लाखांच्या गोष्टी होतात त्या त्याच्या. पण ते तुमच्या ट्रंकेत असेल या आशेवर म्हैस विकत घेऊ नका.

असो. आता तिकिटांची वही मिटा आणि तोच डोळा शेजारच्या मोडी कागदांना लावा. माझ्या मते ट्रंकेतला खरा ठेवा तोच आहे.

जुन्नर हे एके काळी कागदाचे गाव होते. मराठ्यांच्या दप्तरांत दौलताबादी, बऱ्हाणपुरी, अहमदाबादी कागदाबरोबर जुन्नरीचेही नाव घेतले जाते. हे काम करणारे ते कागदी. जुने दोर, गोणपाट, रद्दी चुन्यात भिजवायची, कुटायची, नदीवर धुवायची. तो लगदा हौदात कालवून गवताच्या काड्यांच्या चटईवजा जाळीवर एकेक ताव उचलायचा. मग भिंतीवर वाळवून, खळ देऊन, गुळगुळीत दगडाने घोटायचा. बोरूची शाई फुटू नये म्हणून हे घोटणे. अशा कागदात जलचिन्ह नसते. उजेडात धरला तर काड्यांच्या बारीक रेघा आणि त्यांना बांधणाऱ्या दोऱ्यांच्या उभ्या रेघा दिसतात, मधे एखादे न कुटलेले सूतही. पुढे विलायती यंत्राचा स्वस्त कागद आला आणि हा धंदा बसला.

विलायती कागदात मात्र जलचिन्ह असते, आणि कित्येकदा सालही! इंग्लंडात १७९४ साली कायदा झाला, की परदेशी जाणाऱ्या कागदावरचा कर परत हवा असेल, तर कागदाच्या पोटातच साल घाला. ती चाल पुढेही राहिली. याचा उपयोग पाहा. समजा, तुमच्या घरी वतनाचा एक कागद आहे, त्यावर शके १६८० म्हणजे सन १७५८ लिहिले आहे. भाऊबंदांत त्यावरून मान-पानाची चढाओढ चालू आहे. आणि उजेडात धरल्यावर आत १८०५ दिसले, तर? तो ताव १७५८ साली कोणाच्या हाती असणेच शक्य नाही.

पण म्हणून लगेच "आजोबा लबाड होते" असे म्हणू नका. पुष्कळ जण येथेच चुकतात. मूळ कागद जीर्ण झाला की नक्कल करून ठेवण्याची रीतच होती. त्यात १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनने घरोघरचे पुरावे मागितले, तेव्हाही लोकांनी नकला केल्या. नक्कल निराळी आणि बनावट निराळी. जलचिन्हातले साल एवढेच सांगते, की हा ताव त्याआधी लिहिलेला नाही. मजकूर खरा की खोटा, हे वळण, शिक्का, भाषा पाहून जाणत्याने ठरवायचे. तसे जाणते पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळात आणि पुराभिलेखागारात भेटतील.

तोवर एवढे करा. फाटक्या कागदाला चिकटपट्टी लावू नका. प्लॅस्टिकमध्ये दाबून पक्का करून घेऊ नका, मग तो उजेडात धरून नीट वाचता येत नाही आणि पुन्हा सुटतही नाही. आणि पाकिटावरचे तिकीट भिजवून काढू नका. सुट्या तिकिटावर अर्धा शिक्का राहतो; अख्ख्या पाकिटावर गाव, तारीख, कोणी कोणाला लिहिले, सारे असते. ज्या आंबेगावाचे नाव तालुक्याला पडले, ते जुने गाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले. तेथल्या कोणाच्या नावचे पाकीट तुमच्या ट्रंकेत निघाले, तर त्यावरचा पत्ता आता कोणत्याही पोस्टमनला सापडायचा नाही. ते पाकीट तसेच, तिकिटासकट, सुती कापडात गुंडाळून ठेवा, आणि कोणाच्या ट्रंकेतून निघाले ते वेगळ्या चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहून सोबत ठेवा.