माजघरातलं थेटर

आमचं घर माण तालुक्यातलं, माळवदाचं. अडीच फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती, वर लिंबाच्या तुळया, त्यांवर कड्या, कड्यांवर किलचांचा थर आणि त्याच्यावर वीतभर पांढरी माती. पुढं सोपा, मागं माजघर. दोहोंमधल्या भिंतीत, बाईमाणूस खाली बसलं तर डोळ्यांशी येईल अशा उंचीवर, हातभर रुंदीचा एक झरोका. घरात सिनेमा आला तो या झरोक्याच्या अलीकडं की पलीकडं, हाच आमच्या घराचा सिनेमाचा इतिहास.

पुण्याला नोकरी करणारा पुतण्या गेल्या दिवाळीत म्हणाला, "तात्या, माजघर रिकामंच पडलंय. होम थिएटर करूया." बरोबर एक कारागीर घेऊनच आला होता. त्या पोरानं टेपनं मापं घेतली आणि सांगून मोकळा झाला: मधली भिंत पाडायची, वर पीओपीचं छत मारायचं. मी म्हटलं, बाबा, ही भिंत नुसता आडोसा नाही, तुळयांचं ओझं तिच्यावर आहे. आणि माळवद छतानं झाकलं तर गळतंय कुठं, वाळवी लागलीय कुठं, हे कळायचं कसं? दर उन्हाळ्यात वर नवी माती टाकावी लागते, ती वरचं-खालचं दोन्ही बघूनच.

त्यांनी ऐकलं. पुढचं काम मात्र मजेचं झालं. मातीच्या भिंतीत वायरसाठी खाच मारायला गेलं की टोपलंभर माती खाली येते, म्हणून वायरी तुळयांच्या कडेनं लाकडी पट्टीतून नेल्या. मीटरपासून वेगळी लाइन ओढली, अर्थिंग नवं केलं. प्रोजेक्टर कडीला न टांगता थेट तुळईला धरला. शंभर इंची पडदा म्हणजे सव्वासात फूट रुंद, चार फुटांहून थोडा उंच. तेवढं चित्र पडायला आमच्या प्रोजेक्टरला अकरा-एक फूट लांबी लागत होती, ती माजघरात आरामात निघाली. स्पीकर बसले देवळ्यांत, जिथं आजी तेलाचा दिवा ठेवायची. आवाज घुमेल म्हणून कारागिराला धास्ती होती, पण शेणामातीचा गिलावा, उघड्या कड्या आणि भिंतीला टांगलेल्या चार गोधड्या यांनी आवाज चांगला मऊ झाला. छतातलं साणं काळ्या कापडाच्या झाकणानं बंद केलं.

राहिला झरोका. सोप्यातला उजेड त्यातून बरोबर पडद्यावर पडत होता. पुतण्या म्हणाला, बुजवून टाकू. मी अडून बसलो. घराची खूण आहे ती, म्हटलं, राहू दे.

माझ्या आठवणी त्या झरोक्याशी बांधलेल्या आहेत. जत्रेत तंबूचा सिनेमा यायचा. पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या जत्रेत तर तंबूंची रांगच लागायची, आणि आमच्या गावच्या जत्रेत ओढ्याकडच्या पटांगणात एखादा उभा राहायचा. मी आबांचं बोट धरून जायचो. व्ही. शांतारामांचा 'पिंजरा' 1972 चा. आमच्याकडं तो दोन वर्षांनी आला आणि चार रात्री चालला. तमाशाचं चित्र, म्हणून घरातल्या बायकांना बंदी. पुढं 1982 च्या आशियाई खेळांच्या निमित्तानं रंगीत टीव्ही देशात आला. मग रात्रीच्या भाड्यानं टीव्ही आणि व्हिडिओ आणायचा आणि सोप्यात उजाडेपर्यंत तीन पिक्चर, असे दिवस आले. 1987 च्या जानेवारीत 'रामायण' सुरू झालं तेव्हा दर रविवारी अर्धी आळी आमच्या सोप्यात. बाया आतून झरोक्याला डोळे लावायच्या, आळीपाळीनं. मला वाटायचं, काय सुंदर सोय आहे ही!

दादासाहेब फाळक्यांनी 1913 साली 'राजा हरिश्चंद्र' आणला, त्याची बरीचशी खटपट त्यांच्या राहत्या घरात झाली. सरस्वतीबाई फिल्मला भोकं पाडायला बसायच्या आणि सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही करायच्या. पडद्यावर तारामती झाला मात्र साळुंके नावाचा पुरुष, कारण बाई मिळेना. हे मी पुतण्याला मोठ्या उत्साहानं सांगत होतो. काकी तांदूळ निवडत होती. 1969 ला ती या घरात सून म्हणून आली.

"बुजव ते," ती म्हणाली.

"काकी, अगं जुनी गोष्ट आहे..."

"तुला काय कौतुक त्याचं? तू भाईर बसायचास."

मला पुढं बोलता येईना. तिनंच सांगितलं मग, ताटातले खडे वेचत. त्या चार रात्री ती साण्याखाली बसून होती. तंबूचा भोंगा आमच्या घराच्या बाजूला, सगळं चित्र साण्यातून आत यायचं, नुसतं कानानं. चौथ्या रात्री तिला पुढचं बोलणं आधीच पाठ येत होतं. सासूबाईंनी एकदा विचारलं, काय करतीस गं अंधारात? ही म्हणाली, धूर जातोय का बघतेय. आणि 'रामायणा'च्या वेळी झरोक्यापाशी तिची पाळी यायची ती बहुतेक जाहिराती लागल्यावर, कारण ती घरात धाकटी.

"मान मोडून आली आमची," ती म्हणाली. "आन तू म्हनतोस खूण."

सुताराकडून फळी कापून आणली, तिला काळं कापड मारलं आणि झरोक्यात घट्ट बसवली. मी तेवढं केलं की फळी चुना-मातीनं लिंपली नाही, नुसती ठोकली. काकीनं ते पाहिलं, काही म्हणाली नाही.

पहिला पिक्चर कोणता, हे कुणी विचारलंसुद्धा नाही. दिवा मालवला. समोर ठेवलेल्या खुर्चीवर न बसता ती उंबऱ्याशी, दाराच्या आडोशाला टेकली. पुतण्याच्या बायकोनं हाताला धरून तिला मधे आणली. डॉ. लागूंचा मास्तर पडद्यावर आला तशी ती पुढं वाकली.

"मास्तर हा व्हय? मला म्हातारा वाटला हुता आवाजावरनं."

मग तिचे ओठ हलायला लागले. पडद्यावरच्या माणसाच्या अर्धं वाक्य आधी. पोरं हसायला लागली तसा मी त्यांना दटावलं. मध्यंतराला वरून किलचांतून चिमूटभर माती प्रोजेक्टरवर पडली. उठून काच पुसली, आता रोजच पुसतो. काकी म्हणाली, "लाव लवकर. इथून पुढं मला एक जागा कधी नीट ऐकूच आली न्हाई, त्या रातीला बैल हंबरत हुता."