युरोपातलं बुटीक हॉटेल : बुकिंगआधी व्हिसा बघा, जिनाही बघा

बुटीक म्हटलं की आपल्याकडे ड्रेसचं दुकान डोळ्यासमोर येतं. हॉटेलला हे नाव चिकटलं तेही दुकानावरूनच. न्यूयॉर्कमध्ये १९८४ साली 'मॉर्गन्स' हॉटेल सुरू झालं. मोठं हॉटेल म्हणजे डिपार्टमेंट स्टोअर आणि आपलं म्हणजे बुटीक, अशी तुलना त्याच्या मालकांपैकी स्टीव्ह रुबेल यांनी केली आणि शब्द रूढ झाला. खोल्या मोजक्या, सजावट वेगळी, जागा शहराच्या मध्यवस्तीत, असा हा प्रकार. त्याला कुठली अधिकृत मान्यता लागत नाही, पाटी कोणीही लावू शकतो. त्यामुळे नावावर न जाता कागद तपासावा.

पहिला कागद व्हिसाचा. शेंजेन व्हिसावर २९ देश फिरता येतात, पण अर्ज करायचा तो ज्या देशात जास्त रात्री मुक्काम आहे त्या देशाकडे. रात्री समसमान असतील तर जिथून प्रवेश करणार त्या देशाकडे. म्हणजे पॅरिसला ४ आणि ॲमस्टरडॅमला ३ रात्री असतील तर अर्ज फ्रान्सचा. हॉटेल आवडलं म्हणून ॲमस्टरडॅमला दोन रात्री वाढवल्या की तो नेदरलँड्सचा होतो. हॉटेलच्या रात्री आधी पक्क्या कराव्यात आणि मगच अपॉइंटमेंट घ्यावी.

अर्ज प्रवासाच्या सहा महिन्यांआधी घेत नाहीत आणि १५ दिवसांच्या आत आला तर चालत नाही. निर्णय साधारण १५ दिवसांत होतो, पण काही प्रकरणांत ४५ दिवसही लागतात. मोठ्यांची फी ९० युरो, व्हिसा नाकारला तरी ती परत मिळत नाही. त्यावर हॉटेलचं 'नॉन-रिफंडेबल' बुकिंगही बुडालं तर दुहेरी फटका. हा दर थोडा स्वस्त दिसतो आणि बरेच जण तिथेच फसतात. रद्द करता येणारा दर घ्यावा आणि रद्द करण्याची शेवटची तारीख व्हिसाच्या निर्णयानंतरची आहे ना, ते बघावं.

बुकिंगवरचं नाव पासपोर्टप्रमाणेच हवं. बेळगावकरांनी आणखी एक गोष्ट सांभाळावी. जुन्या पासपोर्टवर जन्मस्थळ 'बेळगाव' असतं आणि २०१४ नंतरच्या कागदांवर 'बेळगावी'. व्हिसाच्या अर्जात पासपोर्टवर जे आहे तेच लिहायचं.

आता खर्च. हॉटेलचा दर आणि हातात येणारं बिल यात फरक पडतो तो शहराच्या पर्यटन करामुळे. ॲमस्टरडॅममध्ये हा कर खोलीच्या दरावर १२.५ टक्के आहे. शिवाय २०२६ च्या जानेवारीपासून तिथे मुक्कामावरचा व्हॅट ९ वरून २१ टक्के झाला. करांशिवाय २०० युरोची खोली धरली तर ४२ युरो व्हॅट आणि २५ युरो शहर कर, म्हणजे रात्रीचे २६७. चार रात्रींचे १,०६८. व्हॅट बहुधा दाखवलेल्या दरात धरलेला असतो, शहर कर मात्र कित्येकदा काउंटरवर मागतात. रोममध्ये पद्धत वेगळी. तिथे माणशी, रात्रीमागे ठरलेली रक्कम असते आणि हॉटेलच्या स्टारप्रमाणे ती वाढते.

ॲमस्टरडॅमची बरीच बुटीक हॉटेलं कालव्याकाठच्या शेकडो वर्षांच्या घरांत आहेत. घरं अरुंद आणि जिने शिडीसारखे उभे. सामान वर चढवायला दर्शनी भिंतीच्या माथ्यावर हूक लावलेले असायचे, ते आजही दिसतात. फोटोत हे सगळं छान वाटतं. सोबत गुडघेदुखीवाले आई-बाबा असले की मग कळतं. लिफ्ट आहे का, आणि ती आपल्या खोलीच्या मजल्यापर्यंत जाते का, हे दोन्ही ईमेलवर विचारावं, कारण काही ठिकाणी लिफ्ट अर्ध्यातच थांबते. खोलीचं मापही बघावं. १२ चौरस मीटर म्हणजे जेमतेम १३० चौरस फूट, दोन मोठ्या बॅगा उघडल्या की चालायला जागा उरत नाही.

लहान हॉटेलात रात्रभर काउंटरवर माणूस असेलच असं नाही, दाराचा कोड पाठवून देतात. मुंबईहून रात्री निघालेलं विमान सकाळी पोचतं आणि खोली मिळते दुपारी दोन-तीनला. तोवर बॅगा ठेवून घेतात का, हेही त्याच ईमेलमध्ये विचारून घ्यावं.