केळुसकर मास्तर आणि आमचा ‘कल’

माझ्या घरात माझ्याआधी कॉलेजची पायरी कोणी चढले नव्हते. दहावीचा निकाल लागला तेव्हा वालावलच्या आमच्या घरात ‘पुढे काय?’ याचे उत्तर देणारा माणूस नव्हता. शाळेतले एक शिक्षक म्हणाले, “तुला आयटीआय बरे.” वडील म्हणाले, “गुरुजी सांगतत ताच खरां.” आयटीआयला मी कमी लेखत नाही. परंतु गुरुजींनी माझे गणिताचे गुण पाहिलेच नव्हते. आडनाव पाहिले होते. हट्टाने मी कॉलेजात गेलो. मागासवर्गीय मुलांसाठी शासकीय वसतिगृह असते, हे मला दुसऱ्या वर्षी कळले. तोवर एक वर्ष नातेवाइकांच्या पडवीत काढले होते.

म्हणूनच मला कृष्णराव अर्जुन केळुसकर महत्त्वाचे वाटतात. ते मूळचे वेंगुर्ले तालुक्यातील केळूसचे, म्हणजे आमच्याच मुलखातले. मुंबईत विल्सन हायस्कूलमध्ये ते शिक्षक होते. चर्नी रोडच्या बागेत एकटाच वाचत बसणारा भीमराव त्यांच्या नजरेस पडला. त्यांनी चौकशी केली, पुस्तके दिली. भीमराव १९०७ साली मॅट्रिक झाले. सत्काराच्या सभेत केळुसकरांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. इंटरनंतर पैशावाचून शिक्षण अडले, तेव्हा केळुसकरच त्यांना सयाजीराव गायकवाडांकडे घेऊन गेले. दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली आणि १९१२ मध्ये भीमराव बी.ए. झाले.

याच भीमरावांना शाळेने संस्कृत शिकू दिले नव्हते. फारसी घ्यावी लागली. एक शिक्षणव्यवस्था दार लावून घेत होती आणि एक शिक्षक दुसऱ्या दारापर्यंत सोबत चालत होता. व्यवसाय मार्गदर्शनाचा याहून स्पष्ट धडा मला कुठल्या अहवालात सापडलेला नाही.

अहवाल मात्र पुष्कळ झाले. मुंबईत पारशी पंचायतीने १९४७ मध्येच आपल्या समाजासाठी मार्गदर्शन केंद्र काढले. मुदलियार आयोगाने (१९५२-५३) माध्यमिक शाळांत मार्गदर्शनाचा आग्रह धरला. १९५४ मध्ये केंद्रीय मार्गदर्शन संस्था निघाली. कोठारी आयोगाने (१९६४-६६) तर हे काम प्राथमिक शाळेपासून सुरू करावे असे सांगितले. महाराष्ट्रात २०१६ पासून काही वर्षे दहावीच्या मुलांची कलचाचणीही झाली.

पण कल म्हणजे काय? ज्या मुलीने प्रयोगशाळा धड पाहिली नाही, तिचा विज्ञानाकडे कल कसा दिसणार? ज्याच्या वाड्यात वकील नाही, तो वकिलीपुढे खूण कशी करणार? प्रस्थापितांच्या घरी मामा, काका, शेजारी हेच समुपदेशक असतात. जेवताना अर्जाच्या तारखा कळतात. आमच्या मुलाला तेवढीच माहिती शाळेने दिली नाही, तर चाचणी त्याची आवड मोजत नाही. त्याच्या बापाची परिस्थिती मोजते.

भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासून आहे. तरीही तारीख हुकली म्हणून परतलेली मुले मी दरवर्षी पाहतो. प्रत्येक मुलाला केळुसकर भेटेल या योगायोगावर समाज उभा राहत नाही. म्हणून शाळेत या कामासाठी नेमलेला माणूस हवा, ही मागणी शासनाकडे करत राहू. तोवर आपल्यातल्या प्रत्येक पदवीधराने निकालाच्या आठवड्यात आपल्या वाड्यात जाऊन बसावे. कागदपत्रे पाहावीत, अर्ज भरावेत, गरज पडली तर मुलासोबत कचेरीच्या दारापर्यंत चालत जावे.

वडील आता विचारतात, “औंदा कोणाक घेवन जातलंस?” त्यांच्यासाठी माझ्या वहीत यंदा चार नावे आहेत.