क्षारपड जमीन आणि कोळंबीची तळी : कृष्णाकाठचा एक प्रश्न

कोकणातील 'खाजण' आणि सातारा-सांगलीकडील 'क्षारपड' या दोन्ही जमिनी खारट खऱ्या. परंतु त्यांचा इतिहास एक नव्हे. खाजण हे स्थलवाचक नाम होय. भरतीने भिजणाऱ्या त्या भूमीला बांध घालून भात पिकविले गेले आणि उघाडीच्या तोंडाशी मासे व कोळंबी धरली गेली. 'क्षारपड' या समासातील 'पड' हे पद मात्र नांगर थांबल्याची साक्ष देते.

तो थांबला पाण्यानेच. कऱ्हाडजवळ खोडशीच्या बंधाऱ्यापासून निघणारा कृष्णा कालवा एकोणिसाव्या शतकातला. पुढे उपसा सिंचन आले, ऊस वाढला. वाळवा, मिरज या तालुक्यांतील खोल काळ्या जमिनीत निचरा मंद असल्याने पाण्याची पातळी वर चढली. पाणी उडून गेले, क्षार पृष्ठभागी राहिले. हा धोका अज्ञात होता असे म्हणता येत नाही. नीरा खोऱ्यातील खारवट जमिनींवरील हॅरल्ड मॅन व त्यांच्या सहलेखकाची पत्रिका १९१० सालची आहे!

अशा जमिनीत कोळंबी वाढवावी, ही कल्पना हरियाणातील अनुभवावरून सुचते. रोहतकजवळील लाहली येथे केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्थेच्या केंद्राने खारट भूजलात कोळंबी वाढविली. त्या पाण्यात पोटॅशियम कमी पडते; ते वरून द्यावे लागते. तेव्हा रसायनाची अडचण सुटण्यासारखी आहे. अल्पभूधारकाची खरी अडचण शेजाराची आहे. एकाच्या तळ्यातील खारे पाणी झिरपून दुसऱ्याच्या उसाखाली जाते, आणि तळे उपसले की ते ओढ्यावाटे कृष्णेस मिळते. किनाऱ्यावर हाच तंटा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ११ डिसेंबर १९९६ च्या निकालानंतर २००५ साली किनारी मत्स्यशेतीचा कायदा झाला. परंतु तो किनाऱ्यापुरता असून कृष्णाकाठ त्याच्या कक्षेबाहेर आहे.

म्हणून केवळ बीज, खाद्य व कर्ज देऊन लहान शेतकऱ्यास साहाय्य झाले असे मानणे उतावीळपणाचे ठरेल. भूमिगत निचऱ्याच्या नळ्यांप्रमाणेच तळ्याच्या पाण्यालाही इतरांच्या शेतांतून वाट लागते. ती वाट आधी, तळे नंतर. खाजणाच्या बांधाची डागडुजी आणि उघाडीची राखण यांविषयी कोकण-गोव्यात गावाचे जुने संकेत होते. कृष्णाकाठी निचऱ्याच्या चराचे तोंड कोणाच्या बांधाशी उघडावे, हे ठरविणारा तसा वडिलोपार्जित संकेत नाही.