धावत्या भिंतींची छायाचित्रे

न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेच्या डब्यांवर १९७० आणि १९८० च्या दशकांत स्प्रे-रंगाने काढलेली ग्राफिटी आज जवळजवळ केवळ छायाचित्रांतच उरली आहे; कारण रेल्वे प्रशासन रसायनांनी डबे धुऊन काढीत असे आणि पुष्कळदा त्याआधीच एखादा प्रतिस्पर्धी त्यांवर आपले नाव चढवून मोकळा होई. त्यामुळे छायाचित्रकाराने चौकट कोठे आखली, हा येथे निव्वळ रसिकतेचा प्रश्न राहत नाही.

नाव आणि आकडा यांची झटपट सही म्हणजे ‘टॅग’, अनेक रंगांत भरलेले मोठे नाव म्हणजे ‘पीस’ आणि खिडक्यांसकट डब्याची अख्खी बाजू व्यापणारे काम म्हणजे ‘होल कार’. सुमारे पंधरा मीटर लांबीचा असा डबा समोरच्या फलाटावरून एका चौकटीत मावत नाही, आणि तिरका टिपला तर अक्षरे दूर जाता जाता आक्रसतात. मुळात शिल्पकार असलेल्या हेन्री चाल्फंट याने यावर साधा तोडगा काढला: गाडी थांबलेली असेपर्यंत फलाटावर डब्याला समांतर सरकत, एकमेकांवर किंचित चढणारी अनेक छायाचित्रे घ्यायची आणि मागाहून ती जोडून सलग पट्टी करायची. त्यात अक्षरे ठसठशीत उतरली. शहर मात्र गळाले.

वृत्तपत्रात काम केलेल्या मार्था कूपर हिने नेमके ते शहरच धरून ठेवले. ब्राँक्स भागात ही ‘भुयारी’ रेल्वे उंच लोखंडी खांबांवरून धावते. तेथे पडक्या इमारती आणि ओसाड जागा चौकटीत घेऊन ती रंगवलेल्या गाडीची तासन्‌तास वाट पाही. डोंडी या टोपणनावाच्या चित्रकाराचे तिचे १९८० मधील छायाचित्र तर अधिकच बोलके आहे: शेजारी उभ्या दोन गाड्यांच्या फटीत, एक पाय या गाडीवर आणि दुसरा त्या गाडीवर रोवून, तो रंगवीत आहे. मागे सरून काम न्याहाळण्याइतकी जागाच तेथे नव्हती, हे त्यावरून कळते. म्हणजे चाल्फंटच्या पट्टीत दिसणारा अखंड डबा रंगवणाऱ्यालाही, गाडी बाहेर पडल्यावर, फलाटावरूनच प्रथम दिसत असणार.

दोघांची छायाचित्रे ‘सबवे आर्ट’ या पुस्तकात १९८४ मध्ये एकत्र आली. पुढे मे १९८९ मध्ये शेवटची रंगवलेली गाडी सेवेतून काढण्यात आली. तोवर ते पुस्तक युरोपातील तरुणांच्या हाती पडले होते, आणि अक्षरे गिरवायला त्यातली चाल्फंटचीच पाने अधिक सोयीची होती.